गोळा बदलला, आता घर थोडं उंच करा

मागच्या पावसाळ्यात माय अंगणात घसरली. तीन दिवसांची झड लागलेली, अंगणात शेवाळ धरलेलं, सकाळी गोठ्याकडे निघाली आणि पाय सटकून डाव्या कुशीवर पडली. उठताच येईना. पाय आखूड झाल्यासारखा आणि बाहेरच्या अंगाला वळलेला दिसत होता. जमलेल्यांपैकी दोघातिघांनी सांगितलं की चोळणाऱ्याकडे न्या, हाड बसवून देते तो, पण माझ्या बायकोनं कुणाचं ऐकलं नाही, सरळ 108 ला फोन लावला. तेच बरोबर होतं, कारण एक्स-रेत दिसलं की मांडीच्या हाडाची मान तुटली आहे, आणि ती काही चोळून बसत नाही. मायचं वय 64, पडेपर्यंत निंदायला, कापूस वेचायला जाणारी बाई, म्हणून डॉक्टरांनी वाटी आणि गोळा दोन्ही बदलायचं ठरवलं. म्हणजे हिप रिप्लेसमेंट. आपल्याकडे लोक म्हणतात गोळा बदलला.

ऑपरेशनच्या आधी मला पन्नास जणांनी पन्नास गोष्टी सांगितल्या. खर्च किती येते, गोळा कोणत्या कंपनीचा टाकायचा, नागपूरच्या मेडिकल कॉलेजला न्यायचं की सेवाग्रामला, सरकारी आरोग्य योजनेत बसते की नाही. (योजनेचं दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला ऑपरेशनच्या आधीच विचारा, राशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, नंतर धावपळ करून उपयोग नसतो.) पण पेशंट घरी आणल्यावर काय करायचं हे एकानंही सांगितलं नाही. आणि मला आता पक्कं कळलंय की ऑपरेशन दीड-दोन तासांचं असते, पुढचे तीन महिने घरचे असतात, आणि पाय नीट होतो की नाही त्यातलं बरंच काही या तीन महिन्यांत ठरतं.

त्यात आपली गावाकडची अडचण वेगळी आहे. आपलं सगळं जगणं जमिनीवरचं. चूल खाली, पाट खाली, भाजी चिरायची विळी खाली, मोरी खाली, संडास उकिडवं बसायचा, झोपायची बाज मधे झोल पडलेली. आणि नव्या खुब्याला सुरुवातीला नेमकं खाली बसणंच चालत नाही. का चालत नाही हे आम्हाला समजलं तेव्हा कुठं आम्ही ते मनापासून पाळलं, म्हणून आधी तेच सांगतो.

खुब्याचा सांधा उखळीचा असतो. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी, आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा, तो त्या वाटीत फिरतो. ऑपरेशनमध्ये खराब गोळा कापून काढतात, मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची दांडी बसवतात, तिच्या टोकावर धातूचा किंवा सिरॅमिकचा नवा गोळा, आणि कमरेच्या बाजूला नवी वाटी, तिच्या आत बहुतेक वेळा खास कठीण प्लास्टिकचं अस्तर. कुणाला हे हाडाच्या सिमेंटनं चिकटवतात, कुणाला घट्ट ठोकून बसवतात आणि मग हाडच वाढून त्याला धरतं. आजच्या पद्धतीचा पाया इंग्लंडमधल्या जॉन चार्नली नावाच्या सर्जननं 1962 साली घातला. त्या काळी पेशंटला ऑपरेशननंतर बरेच दिवस पलंगावर ठेवायचे, आता त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी उभं करतात.

आता आपला मूळचा सांधा आणि हा नवा सांधा यातला फरक बघा. मूळ सांध्याभोवती जाड पिशवीसारखं आवरण असतं, स्नायू असतात, ते गोळ्याला वाटीत धरून ठेवतात. ऑपरेशन करताना आत जायला ते आवरण कापावं लागतं आणि नंतर शिवतात. ते शिवलेलं पक्कं व्हायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर गोळा वाटीतून निसटायची भीती असते. सब्बल टेकवून आपण बांधावरचा दगड कसा उकरतो, तसंच हे होतं. तुम्ही फार वाकलात, म्हणजे गुडघा पोटाकडे आणला, तर दांडीची मान वाटीच्या पुढच्या कडेवर टेकते, आणि तिथं टेका मिळाला की गोळा मागच्या बाजूनं बाहेर उकरला जातो. त्यात पाय आत वळलेला असला किंवा एका पायावर दुसरा टाकलेला असला तर आणखीच सोपं. म्हणून तीन गोष्टी सांगतात. कंबर आणि मांडी यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी होऊ द्यायचा नाही, ऑपरेशनचा पाय दुसऱ्या पायावर टाकायचा नाही, आणि त्या पायाचा पंजा आत वळवायचा नाही, उभं राहून गरकन फिरायचं पण नाही, लहान लहान पावलं टाकत वळायचं.

हे तीन नियम मागच्या बाजूनं केलेल्या ऑपरेशनचे. काही सर्जन पुढून करतात, तेव्हा नियम वेगळे, तिथं पाय मागं नेणं आणि बाहेर वळवणं जपावं लागतं. म्हणून सुट्टी घेताना डॉक्टरला स्पष्ट विचारायचं की सर, टाका पुढून आहे की मागून, आणि आमच्या पेशंटनं काय काय करायचं नाही, आणि किती दिवस. शेजारच्या गावातल्या एखाद्याला चाललं म्हणून आपल्याला चालेल असं धरून चालायचं नाही.

तर घर. मायला दवाखान्यात ठेवलेलं तेवढ्या पाच दिवसांत आम्ही घर बदललं, आणि हेच काम मी सगळ्यांना आधी करायला सांगतो, पेशंट दारात आल्यावर नाही. बाज बाहेर काढली. बाज झोल खाते, माणूस त्यात रुतते आणि उठताना गुडघे पोटाला लागतात. दिवाणाच्या चारही पायांखाली सुतारानं लाकडी ठोकळे करून दिले, वरून खळगा पाडलेला म्हणजे पाय सरकत नाही. नुसत्या विटा लावू नका, हलतात. उंची किती पाहिजे? बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहिले पाहिजे आणि पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजे, एवढं बघायचं. इंच मोजत बसायची गरज नाही, पेशंटच्या उंचीवर आहे ते.

खुर्चीचं पण तसंच. साधी प्लास्टिकची खुर्ची बुटकी पडते. आम्ही एकसारख्या तीन खुर्च्या एकात एक घातल्या, उंची पण वाढली आणि खुर्ची भक्कम पण झाली. हात असलेलीच खुर्ची पाहिजे, कारण उठताना हातावर जोर देऊन उठायचं असते. बसताना आधी मागं सरकत जायचं, खुर्ची पायाला लागली की ऑपरेशनचा पाय थोडा पुढं टाकायचा, हात खुर्चीच्या हातांवर, मग हळू टेकायचं. उठताना पण तो पाय पुढंच ठेवायचा. ही एवढी एक गोष्ट मायला शिकायला चार दिवस लागले, कारण साठ वर्षांची सवय पुढं वाकून उठायची.

संडास हा सगळ्यात मोठा प्रश्न. आमचा संडास अंगणाच्या पलीकडे, भारतीय पद्धतीचा. मेडिकल दुकानातून कमोड खुर्ची आणली, तिचं भांडं काढून घेतलं की ती सरळ संडासाच्या भांड्यावर ठेवता येते. रात्री मात्र भांडं लावून ती पलंगाजवळच. लाईट गेलेली, अंगण ओलं, वॉकर घेऊन अंधारात पलीकडे जायचं, हा धोका कशाला घ्यायचा. मायला लाज वाटायची. म्हणे, "घरात कसं करू वं माय, देवघर हाय इथं." माझ्या बायकोनं पलंगाभोवती जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि सांगितलं, "आत्या, पडून पुन्हा दवाखान्यात जाण्यापेक्षा हे बरं, मी आहे ना." मग ऐकलं. पेशंटची लाज ही पण एक गोष्ट असते, तिचा विचार घरच्यांनी करायचा असतो.

मोरीत उंच स्टुल, पाण्याची बादली पण दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे तांब्या घ्यायला वाकायला नको. पाय दुसऱ्यानं धुवून द्यायचे. आंघोळ कधीपासून ते टाक्यांची पट्टी बघून डॉक्टर सांगतात. परकर घालताना ऑपरेशनचा पाय आधी आत, काढताना तो शेवटी बाहेर. चप्पल मागं पट्टा असलेली, बिनअंगठ्याची सपाता नको, घसरते. गोधड्या, पोती, चटया, मोबाईलच्या चार्जरची वायर, सगळं वाटेतून उचलायचं. सारवलेल्या जमिनीवर ओल असेपर्यंत पाऊल नको. कुत्रं बांधायचं, लहान लेकरं "आजी आजी" करत पायाशी येतात त्यांना समजावून सांगायचं. झोपताना दोन्ही पायांच्या मधे उशी, नाहीतर गोधडीची जाड घडी, म्हणजे झोपेत पाय पायावर जात नाही. तो उंबरठा पण, आमचा सहा इंची होता, त्याला दोन्ही बाजूंनी फळीचा उतार केला.

एक गोष्ट झाली ती सांगतोच. सव्वा महिना झालेला, मायला बरं वाटायला लागलेलं, दुखणं कमी. ओट्यावर खुर्चीत बसली होती आणि हातातला तांब्या खाली पडला. कुणाला हाक न मारता ती बसल्या जागेवरून तो उचलायला वाकली. मी समोरून येत होतो, ओरडलो, ती थबकली. काही झालं नाही, पण धोका असाच येतो. पहिले पंधरा दिवस दुखत असते म्हणून माणूस आपोआप जपते, दुखणं थांबलं की विसरते, आणि आतलं आवरण तर अजून कच्चंच असते. त्या दिवसापासून एका काठीला तारेचा आकडा करून दिला, आणि खुर्चीला पिशवी बांधली, त्यात चष्मा, मोबाईल, पाण्याची बाटली, सगळं हाताशी.

आता दुसरी बाजू. एवढं जपायचं सांगितलं म्हणजे पेशंटला निजवून ठेवायचं असा अर्थ लोक काढतात. ते तर याहून वाईट. आपल्याकडे कुणी दवाखान्यातून आलं की सगळे म्हणतात, आराम करा, पडून राहा, दोन महिने उतरू नका. प्रेमानंच म्हणतात. पण पडून राहिल्यानं रक्त पायात साचतं. पिंढरीचे स्नायू हे पायातलं रक्त वर ढकलणारा पंप आहेत, ते हललेच नाहीत तर शिरेत गाठ धरते, आणि ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी किंवा पोटातलं इंजेक्शन देतात, आम्हाला 35 दिवस लिहून दिलं होतं, ते एक दिवसही चुकवायचं नाही. आणि सोबत घोट्याचा व्यायाम, पंजा वर-खाली, वर-खाली, जागं असेपर्यंत दर तासाला पंधरा-वीस वेळा. हा तर ऑपरेशनच्या दिवसापासूनच.

बाकी व्यायाम दिसायला एकदम साधे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. कुल्ले आवळायचे, सोडायचे. टाच पलंगावर घासत गुडघा थोडा वाकवायचा, खुब्याचा कोन काटकोनापेक्षा कमी होणार नाही एवढाच. नंतर काही दिवसांनी पलंग किंवा खिडकी धरून उभ्यानं पाय बाजूला उचलायचा. हा शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा असं मला फिजिओथेरपिस्ट मॅडमनी नीट समजावलं. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडायला बघते, तिला उभ्या पायाच्या कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू तोलून धरतो. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो, म्हणजे प्रत्येक पावलाला त्या स्नायूचं काम. तो कमजोर असला की माणूस बदकासारखं डोलत चालते. ज्यांचा खुबा वर्षानुवर्षं दुखत होता त्यांचा हा स्नायू आधीच वाळलेला असतो, वरून ऑपरेशन. नवा गोळा बसला म्हणून तो स्नायू काही नवा होत नाही. बंडीला नवं चाक लावलं आणि बैल उपाशी, तर बंडी कशी जाईल.

काठी कोणत्या हातात धरायची हे पण यातूनच कळतं. बरेच जण दुखऱ्या पायाच्या बाजूला धरतात, ते चूक. डावा खुबा बदलला तर काठी उजव्या हातात. डाव्या पायावर उभं राहिल्यावर कंबर उजवीकडे पडते ना, तर टेका तिकडेच पाहिजे. काठी आणि ऑपरेशनचा पाय सोबत पुढं टाकायचे. वॉकर असला तर आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी, आणि काठी नेहमी ऑपरेशनच्या पायासोबत. पायावर किती भार द्यायचा ते डॉक्टर सांगतात, बहुतेकांना सुरुवातीपासूनच झेपेल तेवढा द्यायला सांगतात, पण हाड ठिसूळ असेल किंवा ऑपरेशनमध्ये काही वेगळं करावं लागलं असेल तर थांबवतात.

मायचं चालणं असं वाढलं. पहिल्या आठवड्यात पलंगापासून दारापर्यंत, दिवसातून पाच-सहा वेळा. मग ओट्यापर्यंत. टाके चौदाव्या दिवशी काढले. तिसऱ्या आठवड्यात अंगणात दोन फेऱ्या. दीड महिन्यानं तपासणीला नेलं, एक्स-रे चांगला आला, वॉकर सुटला, काठी आली. तिसऱ्या महिन्यात काठी घेऊन मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली. एकदम जास्त चालायचं नाही, थोडं थोडं पण घडीघडी. संध्याकाळी पाय सुजायचा, हे बरेच आठवडे चालतं. दुपारी तासभर पाय उशीवर घेऊन पडायचं, कापडात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेकायचं, टाक्यांवर ओल जाऊ न देता. गरम वीट, गरम वाळू नको. आणि मालीश अजिबात नको. आमच्याकडे पाव्हणे आले की हमखास कुणीतरी तेलाची वाटी मागायचं, त्यांना मला हात जोडून थांबवावं लागलं. पिंढरीत गाठ झालेली असली आणि ती चोळली तर सुटून वर जाऊ शकते. पाय ओढून बघणं, लेप लावणं, टाक्यांवर हळद-तेल घालणं, सगळं बंद.

दुखण्याच्या गोळ्यांबद्दल पण लोक घाबरवतात, किडनी जाते म्हणून. डॉक्टरनं लिहून दिलेली, दिलेल्या वेळेला घ्यायचीच. दुखत असलं तर व्यायाम होत नाही, व्यायाम झाला नाही तर पाय आखडतो. व्यायामाच्या अर्ध्या-पाऊण तास आधी गोळी घेतली की सोपं जातं. पण मेडिकलवरून आपल्या मनानं आणलेली दुखण्याची गोळी, ती नको, रक्त पातळ करायच्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि आपल्या मनानं घेतलेल्या अशा गोळ्यांनी किडनीला पण धोका असतो. या दिवसांत संडास पण घट्ट होते, पाणी भरपूर प्यायचं, भाज्या खायच्या, तरी नाही झालं तर डॉक्टरला सांगायचं, कुंथत बसायचं नाही.

जेवणाचं तर विचारूच नका. गावात अर्धे लोक म्हणतात ऑपरेशन झालं की वरण बंद, भात बंद, अंडं बंद, पू होते. हे ऐकून मी चिडायचो, कारण जखम भरायला आणि स्नायू धरायला नेमकं तेच पाहिजे. पू होतो तो जंतूंनी, तुरीच्या वरणानं नाही. मायला रोज दोन्ही वेळा घट्ट वरण, अंडं, दूध, शेंगदाणे, हिरवी भाजी, जवसाची चटणी, ज्वारीची भाकर, सगळं दिलं. शुगर असेल तर ती ताब्यात पाहिजे, वाढलेली शुगर जंतूंना फार सोयीची. आणि खर्रा. आपल्या विदर्भात हे बोलल्याशिवाय राहवत नाही, पेशंट खर्रा, बिडी, तंबाखू काहीही खात-ओढत असेल तर ऑपरेशनच्या आधीच सोडवा, तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जखमेला आणि हाडाला रक्त कमी पोचतं. भेटायला येणारे खर्रा घेऊन येतात, त्यांना दारातच सांगायचं.

आता कशाला घाबरायचं ते. पिंढरी एकाएकी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर त्याच दिवशी दवाखाना. छातीत दुखलं किंवा दम लागला तर एक मिनिट न थांबता 108. टाक्यांतून पाणी, पू आला, भोवती लाल झालं, थंडी वाजून ताप आला तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरकडेच जायचं, गावातून अँटिबायोटिक आणून देऊन बघायचं नाही, कारण कृत्रिम सांध्याला जंतू चिकटले की ते काढायला कधीकधी पुन्हा ऑपरेशन करावं लागतं आणि अर्धवट औषधानं निदान पण लांबतं. खट्ट आवाज झाला, जोरात कळ आली आणि पाय आखूड होऊन आत वळला, भार देता येईना, म्हणजे गोळा निसटलाय. जागचं हलवायचं नाही, कुणी ओढायचं नाही, गाडी बोलवायची. जंतूंचं हे पुढं आयुष्यभर लक्षात ठेवायचं, दात काढायचा असला तर दाताच्या डॉक्टरला आधी सांगायचं की खुबा बदललेला आहे, पायाच्या भेगा चिघळू द्यायच्या नाही, लघवीला जळजळ झाली तर अंगावर काढायची नाही.

काही गोष्टी भीतीच्या वाटतात पण नसतात. बऱ्याच जणांना सुरुवातीला वाटतं की ऑपरेशनचा पाय लांब झाला. बहुतेक वेळा स्नायू आखडलेले असतात, कंबर तिरपी राहते, म्हणून तसं वाटतं, चालून आणि व्यायामानं काही आठवड्यांत बरंच जुळतं. तरी तीन महिन्यांनंतर पण फरक जाणवला तर दाखवा. आणि रडू येणं. तिसऱ्या आठवड्यात माय रोज संध्याकाळी रडायची. "मी काय अशीच बसून राहू का रे, सारं तुमच्याच हातानं." ज्या बाईनं कधी कुणाकडून पाण्याचा ग्लास घेतला नाही तिला दुसऱ्यानं पाय धुवून द्यायचे म्हणजे कसं वाटत असेल. आम्ही तिला खुर्चीवर बसल्या बसल्या करता येतील अशी कामं दिली, टेबलावर शेंगा फोडणं, लसूण सोलणं, तूर निवडणं. दोन दिवसांत चेहरा बदलला.

शेतीचं सगळे विचारतात. तीन महिन्यांनंतर शेतात चक्कर मारणं, उभ्यानं कापूस वेचणं, तेही डॉक्टरनं हो म्हटल्यावर आणि थोडा वेळ. उकिडवं बसून निंदण, डोक्यावर गठ्ठा, ओल्या चिखलाच्या बांधावरून चालणं, हे नाही. मोटारसायकलवर मागं एका अंगाला बसणं पण पहिले तीन महिने नाही. मांडी घालून बसण्याबद्दल डॉक्टरांमध्ये पण फरक आहे, गोळ्याच्या प्रकारावर आणि ऑपरेशनवर असते, कुणाला काही महिन्यांनी थोडी मुभा देतात, मायला नाही म्हटलं तर आम्ही नाही म्हणजे नाही. पंगतीला तिची खुर्ची लागते, आणि हळदीकुंकवाला शेजारणींनी पण आता तिच्यासाठी खुर्ची ठेवायला सुरुवात केली.

किती वर्षं टिकते? 2019 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत आलेल्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की शंभरातले साधारण 58 बदललेले खुबे 25 वर्षं टिकतात. मायच्या वयाला हे पुरेसं आहे. पण आमच्या घरामागच्या पोराला हा हिशोब वेगळा लागतो. तो 26 वर्षांचा, सिकलसेलचा पेशंट. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलची घरं किती आहेत हे आपल्याला माहीतच आहे, 1 जुलै 2023 ला केंद्र सरकारनं त्यासाठी देशभराची मोहीम पण सुरू केली. या आजारात रक्ताच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक नळ्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचवणाऱ्या नळ्या तशाच बारीक, त्या बंद पडल्या की गोळ्याचं हाड आतून मरतं आणि एक दिवस खचतं. (जास्त दिवस स्टिरॉइड घेतल्यानं आणि फार दारूनं पण असंच होतं, म्हणून जवान माणसाच्या जांघेत महिनोनमहिने दुखत असेल तर त्याला कमरेची लचक समजून बसू नका, एमआरआय करा.)

त्याचं ऑपरेशन या फेब्रुवारीत झालं. व्यायाम तेच, नियम तेच, पण त्याला पाणी सतत प्यावं लागतं, अंग गार पडू द्यायचं नाही, जंतूंची भीती जास्त, हिमोग्लोबिनवर लक्ष. आणि दुखलं की ते खुब्याचं दुखणं आहे की सिकलसेलचा झटका आहे हे ओळखायला रक्ताचा आजार बघणारे डॉक्टर पण जोडलेले पाहिजेत, सिकलसेलची गोळी कुणी आपल्या मनानं बंद करायची नाही. त्याला पुढं आयुष्यात कधीतरी हा सांधा पुन्हा बदलावा लागू शकतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं, म्हणून तपासणीच्या तारखा तो चुकवत नाही, आणि कोणता गोळा टाकला त्याचं स्टिकर लावलेलं कार्ड त्याच्या आईनं पिशवीत घालून आधारकार्डासोबत ठेवलंय. तुम्ही पण ठेवा, पुढच्या डॉक्टरला ते लागतं.

तो घरी यायच्या आदल्या दिवशी माय काठी न घेता त्यांच्या घरी गेली, पलंगावर स्वतः बसून उंची बघितली आणि म्हणाली, "हे बुटकं हाय, ठोकळे लाव." आमचे ठोकळे, कमोड खुर्ची, काठीचा आकडा, सगळं तिनं तिकडं पाठवलं. वॉकर पण दिला, पण पोरगा उंच आहे, मायच्या मापाचा वॉकर त्याला वाकवत होता. हात सरळ खाली सोडल्यावर मनगट जिथं येतं तिथं वॉकरची मूठ पाहिजे. मग चारही पायांच्या खिट्ट्या दाबून तीन-तीन भोकं लांब केले, चारही सारखे आहेत का ते बघितलं, खालचे झिजलेले रबर बदलले, आणि त्याला त्याच्या अंगणात उभं करून बघितलं.